पोकळीतले मीठ : उत्प्लावन-जाकिटाची निगा आणि साठवण

मागील प्रकरणात आपण रेग्युलेटरचा विचार केला. ज्या वस्तूतून श्वास घ्यावयाचा तिची हयगय करण्यास सहसा कोणी धजत नाही, आणि म्हणून रेग्युलेटरच्या निगेविषयी पाणबुड्याला फारसा उपदेश करावा लागत नाही. परंतु पाठीवर सिलिंडर पेलणारे, छातीवर पट्ट्यांनी आवळलेले आणि मनुष्याला पाण्याखाली हव्या त्या पातळीवर स्थिर ठेवणारे जे जाकीट, ज्याला मालवणपासून मालदीवपर्यंत या धंद्यातले सारे लोक ‘बीसीडी’ या तीन अक्षरांनीच ओळखतात, त्याची गणना बहुतेकांच्या मनात यंत्रांत न होता कपड्यांत होते, आणि त्याच्या वाट्याला निगाही कपड्याचीच येते : बाहेरून पाण्याची धार, दोरीवर ऊन, आणि संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात ढीग. माझे स्पष्ट मत असे आहे, आणि या प्रकरणाचा प्रपंच त्यासाठीच आहे, की हे जाकीट समुद्रात क्वचितच बिघडते. ते बिघडते जमिनीवर, दोन बुड्यांच्या मधल्या काळात, आणि तेही आतून, जेथे वापरणाऱ्याची दृष्टी पोचत नाही.

या जाकिटावर कोणती कामगिरी सोपविलेली असते हे ध्यानात घेतल्यावाचून त्याच्या निगेचे महत्त्व पटणार नाही. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने कार्य करते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेतल्या मुलालाही पाठ असतो. परंतु बुडी मारणाऱ्या मनुष्याच्या बाबतीत या हिशेबातील एकही रक्कम स्थिर राहत नाही. सर्रास वापरात असलेल्या, सुमारे ११ लिटर पोकळीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरात २०० बार दाबाने भरलेल्या हवेचे वजनच अडीच किलोच्या वर असते. ती हवा श्वासागणिक खर्ची पडत जाते आणि बुडीच्या अखेरीस मनुष्य आरंभापेक्षा सुमारे दोन किलोंनी हलका झालेला असतो. त्याच्या अंगावरील निओप्रीनच्या पोशाखात सूक्ष्म बुडबुडे कोंडलेले असतात, ते खोलीवर दबून बारीक होतात आणि पोशाखाची तरंगण्याची शक्ती तेवढी घटते. पृष्ठभागावर एक वातावरण असलेला दाब १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो, आणि बॉइलच्या नियमानुसार जाकिटातील हवेचे आकारमान निम्मे, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असे घटत जाते. ही सारी बेरीज-वजाबाकी क्षणोक्षणी जुळवून घेण्यासाठी पोकळीत थोडी हवा सोडावयाची किंवा तिच्यातून थोडी काढावयाची, एवढेच काम. पण ते चुकले तर मनुष्य एक तर तळावरील प्रवाळावर जाऊन आदळतो, किंवा आवरता न येणाऱ्या वेगाने पृष्ठभागाकडे ओढला जातो, आणि या दुसऱ्या प्रसंगी घाबरून त्याने श्वास रोखून धरला, तर फुप्फुसात प्रसरण पावणारी हवा नाजूक ऊती फाडून थेट रक्तप्रवाहात शिरण्याचा धोका असतो.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी ॲक्वालंग सिद्ध केले तेव्हा अशा जाकिटाचा मागमूस नव्हता. कमरेच्या शिशाचा अंदाज आणि फुप्फुसांचे आकुंचन-प्रसरण यांवरच त्या पहिल्या पिढीने आपला तोल राखला. १९६१ साली मोरिस फेंझी या फ्रेंच गृहस्थाने गळ्यात अडकवावयाच्या फुगीर कंठपट्ट्याचे एकस्व घेतले, त्याला हवेची एक लहानशी बाटली जोडलेली असे. आणि १९७१ साली स्कूबाप्रो या कंपनीने बंडीसारखे अंगात घालावयाचे जाकीट बाजारात आणले. आज दिसणारी बहुतेक जाकिटे त्याच वंशातली आहेत, मग त्यांची पोकळी छातीभोवती असो की केवळ पाठीमागे.

या पोकळीची घडण नीट समजून घ्यावी. बाहेर नायलॉनचे चिवट कापड, आतल्या बाजूला त्याला जडविलेले पॉलियुरेथेनचे पातळ, हवाबंद अस्तर, आणि अशा दोन तुकड्यांच्या कडा उष्णतेने एकमेकींत वितळवून घातलेला सांधा. हवा कोंडणाऱ्या भागाला शिवण नसतेच, कारण सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे गळतीचे निमंत्रण. डाव्या खांद्यावरून एक वळ्यावळ्यांची लवचीक नळी खाली उतरते आणि तिच्या टोकाला इन्फ्लेटर असतो. त्याच्या एका बटणाने सिलिंडरातील हवा आत येते, दुसऱ्याने आतली हवा बाहेर जाते, आणि तेथेच तोंडाने हवा फुंकण्याचीही सोय असते. उजव्या खांद्यावर आणि पाठीच्या खालच्या कोपऱ्यात हवा झटकन सोडून देणाऱ्या झडपा असतात. प्रत्येक झडपेत एक रबरी चकती आणि तिला दाबून धरणारी स्प्रिंग, एवढाच ऐवज. दोरी ओढली की ती उघडते, आणि पोकळी प्रमाणाबाहेर फुगली तर दाबाने आपण होऊन उघडते.

आता प्रश्न असा, की चोहोकडून बंद केलेल्या या पोकळीत समुद्र शिरतो कोठून? खाली उतरताना पाणबुड्या नळी डोक्याच्या वर धरतो आणि हवा सोडण्याचे बटण दाबतो. शेवटचा बुडबुडा निघून गेल्यावरही त्याचे बोट क्षणभर बटणावर राहिले, की मोकळ्या झालेल्या वाटेने पाणी आत येते. खांद्यावरची झडप ओढली तरी तोच प्रकार, आणि तोंडाने हवा फुंकतानाही थोडे पाणी फुंकरीबरोबर आत जातेच. जाकीट कितीही उत्तम असो, वापरणारा कितीही निष्णात असो, दिवसाअखेर पोकळीत पेलाभर पाणी असणे हा अपवाद नव्हे, नियमच आहे. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात सात ग्रॅम. हे पाणी काढून न टाकता जाकीट तसेच टांगले, तर त्या बंद जागेत ते हळूहळू आटत जाईल, आणि सात ग्रॅम क्षार अस्तराच्या सुरकुत्यांत आणि झडपांच्या काठावर घर करून राहतील.

येथे रसायनशास्त्राकडे थोडे वळणे अवश्य आहे, कारण निगेच्या साऱ्या नियमांची गुरुकिल्ली तेथे आहे. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे, जेथील मिठागरात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेथे किंवा कोठल्याही मिठागरात सागराचे पाणी आटत जाताना त्यातले क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. ते एका ठरलेल्या क्रमाने उतरतात. प्रथम चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, त्यानंतर आपले नेहमीचे मीठ, आणि मॅग्नेशियमचे क्षार अखेरपर्यंत द्रवातच राहतात. मिठागरातील कारागीर या क्रमाचा लाभ घेऊन मीठ तेवढे गोळा करतो आणि कडवट पाणी सोडून देतो. जाकिटाच्या पोकळीतून मात्र काहीच बाहेर जात नाही, सारे आतच साचते. या क्षारांपैकी मीठ पाण्यात अत्यंत विद्राव्य, एका लिटरात साडेतीनशे ग्रॅमहून अधिक विरघळणारे. जिप्सम मात्र लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते, आणि चुनखडी साध्या पाण्याला जवळजवळ दाद देतच नाही, तिला सौम्य आम्लच लागते. तात्पर्य, जाकीट ओले असताना जे काम दोन बादल्यांत झाले असते ते एकदा सुकल्यावर चार बादल्यांतही पुरते होत नाही. म्हणूनच जाकीट सुकण्यापूर्वी, शक्य तर होडीवरून उतरताच धुवावे, या नियमाला मी सर्व नियमांत अग्रस्थान देतो. दुपारची बुडी आटोपून, जेवण उरकून, संध्याकाळी निवांतपणे सारे सामान धुण्याचा जो शिरस्ता अनेक ठिकाणी पडला आहे, तो दिसावयास व्यवस्थित असला तरी तीन-चार तासांच्या उन्हात व्हावयाचे नुकसान होऊनच गेलेले असते.

गरम पाणी वापरल्याने मीठ लवकर निघेल असा एक समज आहे, त्याचाही येथेच निर्णय लावू. मिठाची विद्राव्यता तापमानाबरोबर फारच थोडी वाढते; शून्य अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ३५७ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात सुमारे ३९० ग्रॅम, एवढाच काय तो फरक. कोमट पाण्याने विरघळण्याचा वेग थोडा वाढतो हे खरे, परंतु कढत पाण्याने अस्तराच्या सांध्यांना आणि रबरी चकत्यांना जो अपाय होतो त्याच्या मोबदल्यात हा लाभ क्षुल्लक आहे. मीठ काढावयाचे ते पाण्याच्या परिमाणाने आणि वेळेने, उष्णतेने नव्हे.

पाणी कोणते, हाही प्रश्न आपल्या किनारपट्टीवर गौण मानता येत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूंकडे खारा दर्या असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडे पाणी लागले, हे त्या भूमीचे भाग्य. परंतु किनाऱ्यावरच्या साऱ्याच विहिरींचे नशीब तसे नसते. ऐन वैशाखात, उपसा वाढून गोड्या पाण्याची पातळी खाली गेली, की अनेक विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हंगाम संपत आल्यामुळे जाकिटे पावसाळ्यासाठी धुऊन ठेवण्याची वेळ येते. मचूळ पाण्याने केलेली धुलाई म्हणजे थोडे मीठ काढून थोडे परत घालणे होय. बाहेरून आणलेल्या गोड्या पाण्याचा खर्च या एका धुलाईपुरता तरी सोसावा, आणि सर्व पाणी एकाच वेळी न ओतता थोडे थोडे, दोन-तीन वेळा वापरावे, कारण एकाच भरण्यापेक्षा त्याच पाण्याचे तीन भाग करून केलेली धुलाई क्षार कितीतरी अधिक काढते.

प्रत्यक्ष रीत अशी. प्रथम जाकीट सिलिंडरावरून उतरवून अर्धवट फुगवावे, नळी वर लटकणार नाही अशा बेताने उलटे धरावे, आणि नळीचे तोंड सर्वांत खाली आणून हवा सोडण्याचे बटण दाबावे. आतल्या हवेच्या दाबाने साचलेले खारे पाणी वाहून जाते. पाठीच्या खालच्या झडपेतूनही असेच पाणी काढून टाकावे. मग त्याच बटणावर अंगठा ठेवून, इन्फ्लेटरच्या तोंडातून गोडे पाणी आत सोडावे, पोकळीचा सुमारे तिसरा हिस्सा भरेपर्यंत. त्यानंतर जाकीट तोंडाने वा हाताच्या पंपाने चांगले फुगवून, दोन्ही हातांनी धरून, वरचा भाग खाली आणि डावी बाजू उजवीकडे असे सर्व दिशांनी सावकाश फिरवावे, जेणेकरून पाणी खांद्याच्या अरुंद फाट्यांपर्यंत आणि झडपांच्या मागच्या कोपऱ्यांपर्यंत पोचेल. हे घाईचे काम नव्हे. काही मिनिटे पाणी आत राहू द्यावे. काढताना एकदा नळीतून, एकदा खांद्याच्या झडपेतून आणि एकदा खालच्या झडपेतून काढावे, म्हणजे प्रत्येक झडपेची चकती आणि स्प्रिंग आतून बाहेर वाहणाऱ्या पाण्याने धुतली जाते. ही सारी क्रिया निदान दोनदा करावी. शेवटच्या धुण्याचा एक थेंब काळ्या फिनच्या पात्यावर टाकून सावलीत वाळू द्यावा. वाळल्यावर पांढरे कडे स्पष्ट उमटले तर आत अद्याप मीठ आहे, आणि आणखी एक पाणी द्यावे. धुण्यासाठी घेतलेल्या पाण्याचाही एक थेंब शेजारी टाकून ठेवला, म्हणजे विहिरीच्या पाण्याचा दोष जाकिटाच्या माथी येणार नाही.

इन्फ्लेटरच्या बटणाची निगा मी मुद्दाम वेगळी काढून सांगतो, कारण जाकिटाच्या अपघातांचे बीज बहुधा येथे असते. हवा आत सोडणाऱ्या बटणाच्या मागे मोटारीच्या टायरला असते त्या जातीची एक छोटी झडप बसविलेली असते : एक दांडी, एक स्प्रिंग आणि जेमतेम काही मिलिमीटर रुंदीची रबरी गादी. तिच्या मागे रेग्युलेटरकडून आलेल्या हवेचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बारने अधिक असतो. गादीखाली मिठाचा एक कण अडकला तर झडप पुरती मिटत नाही आणि हवा सूक्ष्म धारेने आत येत राहते. मनुष्य काही न करता हळूहळू वर उचलला जातो, आणि जसजसा वर जातो तसतशी आतली हवा प्रसरण पावून त्याला अधिकच वर ओढते. बटणाच्या दांडीभोवती क्षार साचले तर ते दाबल्यावर परत वर येतच नाही, आणि मग काही सेकंदांत जाकीट टम्म फुगते. अशा वेळी पाण्याखाली उपाय एकच : नळीची जोडणी हाताने मागे ओढून हवेचा पुरवठा तोडावा आणि दुसऱ्या हाताने झडप उघडून आतली हवा सोडावी. शिकवणाऱ्याने हे हरेक विद्यार्थ्याकडून करवून घेतले पाहिजे. धुताना, नळी जोडलेली आणि सिलिंडर उघडे असतानाच इन्फ्लेटर गोड्या पाण्यात बुडवून दोन्ही बटणे आलटून पालटून अनेकदा दाबावी, म्हणजे दाबाची हवा घाण आत जाऊ न देता बाहेर लोटते. आणि मग जोडणी सोडवून तिचे उघडे टोकही स्वच्छ पाण्याखाली धरावे. बटण घट्ट वाटू लागले म्हणून त्यावर फवाऱ्याच्या डब्यातले तेल मारणे, ही मात्र सर्वथा चुकीची तजवीज आहे. असल्या फवाऱ्यांतील द्रावके रबर आणि प्लॅस्टिक दोघांनाही खातात. आणि घट्टपणाचे कारण मीठ असल्यामुळे तेलाने ते जात तर नाहीच, उलट त्यावर धूळ चिकटून बसते. अशा वेळी इन्फ्लेटर जाणत्या कारागिराकडून उघडवून साफ करून घ्यावा. बहुतेक उत्पादक वर्षातून एकदा तो उघडून गाद्या व ओ-रिंगा बदलण्याची शिफारस करतात, आणि भाड्याने फिरणाऱ्या जाकिटांच्या बाबतीत तर वर्षाचीही वाट पाहू नये.

बाहेरच्या अंगाविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो. पट्टे, बकला, चेन आणि खिसे यांतील वाळू धारेने काढावी. चेन सुकल्यावर तिच्या दातांवरून मेणाचा तुकडा फिरवावा. गंजरहित म्हणविणाऱ्या पोलादालाही फटीत साचलेल्या खाऱ्या पाण्याने गंज चढतो, म्हणून कड्यांच्या मुळाशी बारकाईने पाहावे. जाकीट उचलताना वळ्यांच्या नळीला धरून कधीही उचलू नये. ओले जाकीट सिलिंडरासकट त्या नळीवर लोंबकळले की खांद्याजवळचा सांधा फाटतो, आणि तो दोष वापरणाऱ्याच्या पाठीमागे असल्यामुळे त्याला स्वतःला दिसत नाही.

सुकविणे आणि साठविणे यांत आपल्या कोकणच्या हवेने एक विशेष अडचण उभी केली आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग येथील स्कूबाचा धंदा मेच्या अखेरीस बंद होतो आणि पुन्हा सुरू व्हावयास सप्टेंबर उजाडतो. मधले महिने जाकिटे खोल्यांत पडून असतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा-प्रशिक्षण संस्था उभी राहिल्यापासून या किनाऱ्यावर शिकलेल्या पाणबुड्यांची एक पिढीच तयार झाली आहे, आणि बुडीचे शास्त्र तिला उत्तम अवगत आहे. परंतु यच्चयावत परदेशी पुस्तकांत ‘थंड, कोरड्या जागी ठेवावे’ असे जे वाक्य असते, ते आषाढातल्या मालवणात अंमलात कसे आणावे हे त्या पुस्तकांनी सांगितलेले नाही. मिठाचा गुण असा, की हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतले बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागते, आणि समुद्री क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाझरते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतील मीठ जसे ओलसर होऊन पाणी सोडते, तसेच नीट न धुतलेल्या पोकळीत चालते. बाहेरून खडखडीत वाळलेले जाकीट आतून सबंध पावसाळा ओले राहते. मालक म्हणतो मी वाळवूनच ठेवले होते, आणि तो खोटे बोलत नसतो.

या ओलीचे दोन परिणाम होतात. एक बुरशी. फुंकरीबरोबर आलेली लाळ, शेवाळ आणि सागरातील सेंद्रिय कण यांवर ती आत सुखाने वाढते, आणि हेच जाकीट पुढे अनेक पर्यटकांच्या तोंडी लागते. सबब भाड्याच्या जाकिटांना उत्पादकाने मान्य केलेले जंतुनाशक घातलेल्या पाण्याने अधूनमधून आतून धुणे आणि मग भरपूर स्वच्छ पाण्याने ते काढून टाकणे हे ऐच्छिक मानू नये. कपड्यांचे विरंजक मात्र वापरू नये, ते नायलॉन व रबर दोन्ही दुबळे करते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आणि कमी परिचित आहे. पॉलियुरेथेनच्या काही जाती ओल आणि उष्णता यांच्या संयुक्त माऱ्याने रासायनिक दृष्ट्या तुटू लागतात, पाण्याचे रेणू त्यांच्या लांब साखळ्या मधेच छेदतात. परिणामी अस्तर प्रथम चिकट होते, मग त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणूनच रोज समुद्रात जाणारे जाकीट वर्षानुवर्षे टिकते आणि कपाटात जपून ठेवलेले जाकीट चार पावसाळ्यांनंतर उघडले तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या आढळतात. न वापरल्याने वस्तू टिकते हा सामान्य ठोकताळा येथे लागू पडत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो धंदेवाल्याच्या हाताशीच आहे. सिलिंडरातील हवा कॉम्प्रेसरच्या गाळण्यांतून जाताना आपला बाष्पांश टाकून आलेली, अत्यंत कोरडी हवा असते. बाहेरून सुकलेले जाकीट त्या हवेने पुरते फुगवावे, अर्धा-एक तास तसेच ठेवून हवा सोडून द्यावी, आणि हे पाच-सहा वेळा करावे. प्रत्येक खेपेस ती कोरडी हवा आतली ओल शोषून घेऊन बाहेर पडते. उन्हात तासन्‌तास टांगण्यापेक्षा हे श्रेयस्कर, कारण सूर्याच्या अतिनील किरणांनी नायलॉनचे धागे आणि रंग दोन्ही जीर्ण होतात. वाळवण सावलीत व वाऱ्यावरच असावे. मग शिसे काढून घेऊन, रुंद खांद्याच्या हँगरवर, भिंतीपासून थोडे दूर, घडी न घालता टांगावे, आणि पोकळीत थोडी हवा ठेवावी म्हणजे भिंती एकमेकींना टेकणार नाहीत. शिशाची वजने वेगळ्या पेटीत असावी. त्यांच्या ओझ्याने खिसे ताणतात, शिवाय शिशाची भुकटी विषारी असल्यामुळे ती हाताळल्यावर हात धुवावे. ज्या किल्ल्याच्या छायेत ही पर्यटने चालतात त्याच्या पायात शिसे ओतले गेले असे सांगतात, आणि पाणबुड्याच्या कमरेलाही तेच. दोन्ही ठिकाणी हेतू समुद्राला न हलण्याचाच.

खोलीची निवडही विचारपूर्वक व्हावी. जेथे कॉम्प्रेसर चालतो तेथे जाकिटे ठेवू नयेत, कारण विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतून निर्माण होणारा ओझोन रबराला भेगा पाडतो, आणि होडीच्या इंजिनाचे पेट्रोल-डिझेल त्याच खोलीत असेल तर त्याची वाफ अस्तर मऊ करते. उंदरांचा बंदोबस्त हवा. ओलसर जाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणे सर्वांत वाईट. त्यापेक्षा ते उघड्यावर टांगलेले बरे. आणि दर पंधरवड्याला, पाऊस उघडलेल्या एखाद्या दिवशी, जाकिटे बाहेर आणून आतली हवा बदलावी व बटणे दाबून पाहावी. पावसाळ्यात जाणारा हा एक तास हंगामाच्या तोंडी होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीचा खर्च वाचवितो.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जाकिटाची परीक्षा घ्यावी. खांद्याची झडप आपण होऊन हवा सोडेपर्यंत ते फुगवावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी ते किंचित सैल दिसले म्हणून लगेच ते नापास करू नये : खोली ३२ अंशांवरून २४ अंशांवर आली तर हवेचे आकारमान साधारण अडीच टक्क्यांनी घटतेच. परंतु दुपारी खोली पुन्हा तापल्यावरही जाकीट सैलच राहिले, तर गळती आहे. साबणाच्या पाण्याचा बोळा नळीच्या दोन्ही टोकांवर, झडपांभोवती आणि सांध्यांवर फिरवावा, म्हणजे बुडबुडे जागा दाखवितात. झडपेच्या कडेला बुडबुडे आले, तर बहुधा चकतीखाली वाळू किंवा क्षार असतो, आणि ती उघडून पुसली की काम भागते. बटण दाबून सोडल्यावर हवेचा आवाज तत्काळ थांबतो की नाही हे कान लावून ऐकावे. या सर्व गोष्टींची नोंद प्रत्येक जाकिटाच्या अनुक्रमांकासमोर एका वहीत तारीखवार असावी : केव्हा धुतले, केव्हा तपासले, कोणती गादी बदलली, कोणी बदलली. वीस-पंचवीस जाकिटे एकसारख्या रंगाची असतील तेथे स्मरणशक्तीच्या हवाल्यावर हे काम सोडणे म्हणजे जबाबदारी टाळणेच होय.

आणि ज्याचा वितळवलेला सांधाच सुटला आहे, किंवा ज्याचे अस्तर चिकट होऊन पापुद्रे सोडू लागले आहे, त्या जाकिटाला ठिगळ लावण्याच्या फंदात पडू नये. ठिगळ किनाऱ्यावर दोन दिवस टिकेल, २० मीटरवर त्याचा भरवसा नाही. आणि सुटलेले पापुद्रे झडपांत जाऊन अडकतात ते वेगळेच. असले जाकीट स्वस्तात दुसऱ्याला विकू नये, ‘उथळ पाण्यापुरते चालेल’ म्हणून नवशिक्यासाठी बाजूला ठेवू नये, कारण हवेच्या आकारमानातील सर्वांत मोठा बदल पहिल्या १० मीटरांतच होतो आणि नवशिक्या तेथेच असतो. वहीत त्याच्या अनुक्रमांकापुढे ‘रद्द’ लिहावे, कात्रीने पोकळी उभी कापावी, बकला आणि कडी तेवढी काढून घ्यावी, आणि ते मोडीत काढावे.